वायकिंग तीनदा, अपूर्णांक एकदाही नाही

आमच्याकडे राहणाऱ्या मुलाचं नाव मी इथे लिहू शकत नाही. गावही सांगता येत नाही, एवढंच की इंग्लंडच्या मधल्या भागात आहे. फॉस्टर केअररला, म्हणजे आईबापांकडे राहू न शकणारं मूल कौन्सिलच्या वतीने आपल्या घरी सांभाळणाऱ्याला, पहिल्या दिवसापासून हे बजावलेलं असतं. तेव्हा त्याला बंड्या म्हणते. खरा बंड्या गोरा आहे, नऊ वर्षांचा आहे आणि मराठीतलं त्याला फक्त 'चल' आणि 'पुरे' कळतं.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी रात्री सोशल वर्कर त्याला घेऊन आली, तेव्हा त्याच्या अंगात दोन शाळांपूर्वीचा स्वेटर होता. बिल्ला अर्धा उसवलेला. मी मूळची सांगलीची, वडील प्राथमिक शिक्षक. त्यामुळे माझा पहिला प्रश्न "उद्या शाळेचं काय?" हा होता. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "उद्या झोपू दे त्याला."

पुढचे काही आठवडे तो चौदा मैलांवरच्या जुन्या शाळेत टॅक्सीने जायचा. टॅक्सी कौन्सिलची (म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाची), ड्रायव्हर दर दोन-तीन दिवसांनी नवा. शाळेच्या फाटकाशी सगळी पोरं आईबापांचा हात धरून येतात आणि हा टॅक्सीतून उतरतो. एका आठवड्यात वर्गात सगळ्यांना कळलं. मग घराजवळच्या शाळेत घालायचं ठरलं.

कायद्याने हे सोपं आहे. कौन्सिलच्या देखभालीतल्या मुलांना प्रवेशाच्या यादीत सगळ्यांत वरचा क्रमांक द्यावा लागतो. अचानक घर बदलावं लागलं तर वीस शालेय दिवसांत शाळा मिळावी, असं सरकारी मार्गदर्शनात लिहिलंय. शाळेने मला तोंडावर नाही म्हटलं नाही. "आधी जुनी कागदपत्रं येऊ देत", "त्याच्या गरजा आम्हाला पेलतील का ते बघतो", "हेड (म्हणजे मुख्याध्यापक) पुढच्या आठवड्यात आहेत". आपल्याकडच्या तालुका कचेरीत वाढलेल्या माणसाला ही भाषा लगेच कळते. मी फ्रिजवर कॅलेंडर लावून शाळेचे दिवस मोजायला लागले. तेराव्या दिवशी कौन्सिलच्या 'व्हर्च्युअल स्कूल'ला फोन केला.

हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कोविडमधली ऑनलाइन शाळा आठवली होती. तसलं काही नाही. ना इमारत, ना घंटा. कौन्सिलच्या देखभालीतली मुलं वेगवेगळ्या शाळांत विखुरलेली असतात. त्या सगळ्यांना जणू एकाच शाळेचे विद्यार्थी धरून त्यांची हजेरी नि प्रगती बघणारा एक हेड असतो. २०१४ च्या कायद्यापासून इंग्लंडमधल्या प्रत्येक कौन्सिलला तो नेमावाच लागतो. त्यांच्याकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी बोलते." शाळेला लेखी आदेश देण्याचा अधिकार कौन्सिलकडे असतो. शाळा अकॅडमी, म्हणजे कौन्सिलच्या ताब्यात नसलेली सरकारी पैशावरची शाळा, असेल तर प्रकरण थेट मंत्र्यांच्या खात्यापर्यंत नेता येतं. आदेश काढावा लागला नाही. तो काढता येतो एवढं कळल्यावर हेड त्याच आठवड्यात भेटले.

मग आला 'पेप', म्हणजे मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा. दर सत्रात त्याची बैठक होते. पहिल्या बैठकीला सोशल वर्कर, व्हर्च्युअल स्कूलच्या बाई, शाळेतल्या डेझिग्नेटेड टीचर (अशा मुलांची जबाबदारी असलेली शिक्षिका प्रत्येक सरकारी शाळेत असतेच) आणि मी. पडद्यावर फॉर्म. उद्दिष्टाच्या चौकटीत आधीच टाइप केलेलं होतं: गणितात प्रगती करणे.

मी विचारलं, "म्हणजे सोमवारी सकाळी नक्की काय करायचं?"

कुणी काही बोललं नाही. मला वाटलं, अति झालं का? पण आदल्या रविवारी मी बंड्याबरोबर तासभर बसले होते. बेरीज ठीक, पाढे अडखळत, आणि एक छेद चार दिसलं की पेन्सिल खाली. (पोळीचे चार तुकडे करून त्याला शिकवलं असं लिहायला बरं वाटलं असतं, पण त्याला पोळी आवडत नाही.) मग त्याला विचारलं, आत्तापर्यंत शाळेत काय काय शिकलास? वायकिंग लोकांबद्दल धडाधड सांगायला लागला. जहाजं, देव, लुटालूट. तीन शाळांत त्याने वायकिंग तीनदा केले होते. अपूर्णांक मात्र प्रत्येक शाळेत तो यायच्या आधी होऊन गेले होते किंवा तो गेल्यावर व्हायचे होते. पोराला गणित 'येत नव्हतं' असं नाही, कुणी शिकवलंच नव्हतं. आणि हे फक्त त्यालाच ठाऊक होतं, कारण चारही घरांत आणि तिन्ही शाळांत हजर असलेला एकटा तोच होता.

हे मी बैठकीत सांगितलं. डेझिग्नेटेड टीचरनी चौकटीतलं वाक्य खोडलं आणि लिहिलं: जुलैपर्यंत अर्धा, पाव आणि पाऊण यांची बेरीज-वजाबाकी, आठवड्यातून दोनदा अर्धा तास, त्याच एका शिक्षिकेकडे. 'त्याच एका' हे मी हट्टाने घालायला लावलं.

पैशाचं नंतर कळलं. अशा प्रत्येक मुलामागे सरकार दरवर्षी 'प्युपिल प्रीमियम प्लस' देतं, २०२४-२५ साली ते २,५७० पौंड होते. ही रक्कम शाळेच्या खात्यात आपोआप पडत नाही, व्हर्च्युअल स्कूलच्या हेडच्या हातात असते. खर्च कशावर, हे पेपमध्ये जे लिहिलंय त्यावरून ठरतं. मोघम लिहिलं की पैसेही मोघम जातात. एका ओळखीच्या केअररच्या मुलीला टॅबलेट मिळाला होता. तो अजून खोक्यात आहे.

सहीचा घोळ वेगळाच. शाळेची दोन रात्रींची सहल होती. बंड्या १९८९ च्या चिल्ड्रन ॲक्टच्या कलम २० खाली आलेला, म्हणजे आईच्या संमतीने. पालकत्वाचे हक्क आईचेच. माझी सही चालेना, सोशल वर्कर रजेवर, फॉर्म माझ्या पर्समध्ये मऊ पडला. शेवटी अशा रोजच्या परवानग्या मी द्याव्यात असं प्लेसमेंटच्या, म्हणजे त्याला आमच्याकडे ठेवण्याच्या, कागदात लिहून घेतलं. त्याच्या आईने लगेच होकार दिला. फक्त म्हणाली की त्याला रात्री दिवा लागतो, हे शिक्षकांना सांगा. मला तोवर माहीत नव्हतं. आमच्याकडे तो दार उघडं ठेवून जिन्यातल्या उजेडावर भागवत होता. हा मुद्दा पुढच्या पेपमध्येही घातला. शिक्षणाच्या आराखड्यात दिव्याचं काय काम, असं कुणी म्हटलं नाही, हे शाळेच्या बाजूने सांगायलाच हवं.

पेपमध्ये मुलाने स्वतः भरायचं एक पान असतं. पहिल्या खेपेला बंड्याने शाळेत काय आवडतं, काय आवडत नाही, मोठ्यांनी काय करावं, या तिन्ही ओळींवर एकच शब्द लिहिला होता, 'माहीत नाही'. बैठक चालू असताना त्याला पाच मिनिटांसाठी वर्गातून बोलावून घेतलं, तेव्हा तो खुर्चीच्या कडेवर बसून बुटाची नाडी सोडत-बांधत राहिला.

मार्चमधल्या बैठकीच्या आधी ते पान परत घरी आलं. मी स्वयंपाकघरात होते, तो टेबलाशी. बराच वेळ आवाज नाही. मग कागद माझ्या ओट्यावर ठेवून वर निघून गेला. पहिल्या दोन ओळी कोऱ्याच. तिसरीवर लिहिलं होतं: मीटिंग शुक्रवारी नको. शुक्रवारी फुटबॉल असतो.

मी तोच कागद फोटो काढून शाळेला पाठवला. बैठक आता गुरुवारी असते, शाळा सुटल्यावर.