पोपटाला जोडीदार आणताना

आज दिवसभर एकच प्रश्न: एकटा पोपट पिसं उपटतोय, दुसरा आणू का? आधी आजार नाही ना, ते डॉक्टरांकडून बघा. मग त्याच जातीचा आणा. कॉकाटील या तुरेवाल्या पोपटाशेजारी लव्हबर्ड हा छोटा पोपट नकोच. दिसतो एवढासा, पण भारी चावरा.

नवा पक्षी ३० ते ४५ दिवस वेगळ्या खोलीत, विष्ठेची तपासणी करून. नंतर पिंजरे शेजारी, पण मध्ये वीतभर अंतर. चिकटवले की जाळीला धरलेलं पक्ष्याचं बोटच आधी चावलं जातं. दोघं एकाच वेळी खायला, पिसं साफ करायला लागले की तिसऱ्याच जागी सोडा, वाट्या दोन, लांब लांब. जुन्याच्या पिंजऱ्यात नव्याला थेट सोडलंत तर मारामारी ठरलेली. आणि पिंजऱ्यात आरसा टांगला असेल तर तो काढा हो!