फांदी कुठून आणलीत?

जुलै ते ऑक्टोबर आमच्या दुकानाच्या काउंटरवर, चष्म्यांच्या ट्रेशेजारी, एखाददुसरं गुलाबी फळ ठेवलेलं असतं. बडोद्याच्या रावपुऱ्यातलं चष्म्याचं दुकान, त्यात हे फळ, म्हणून नंबर काढायला आलेलं गिऱ्हाईक आधी तिकडेच बघतं. गुजराती असेल तर "काका, आ कमलम घरनुं छे?" आणि मराठी असेल तर "हे ड्रॅगन फ्रूट तुमच्याकडचं? रोप कुठून आणलंत?" मागे माणसं थांबलेली असतात, त्यामुळे मी "ओळखीतून आणलं" एवढंच म्हणतो. ते उत्तर अर्धवट आहे आणि ते मला टोचत राहतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगतो.

पहिलं म्हणजे, रोप आणायचंच नाही. फांदी आणायची. आणि ती अशा माणसाकडून, ज्याने त्या झाडाचं फळ स्वतः खाल्लंय.

हे कळायला मला चार वर्षं लागली. २०१७ साली मी एका नर्सरीतून दोन कुंड्या आणल्या. रोपांच्या गळ्यात लाल गराच्या फळाचा फोटो अडकवलेला. काड्या बोटाएवढ्या बारीक, त्यावर मऊ पांढरी लव. ती बियांपासून केलेली रोपं होती, पण तेव्हा ते ओळखायची नजर नव्हती. बीपासूनच्या झाडाला फळ धरायला पाच-पाच वर्षंही लागतात, आणि इतकं थांबून ते फळ आईच्या वळणावर जाईल याची खात्री नाही. म्हणून शेतकरी कधी बी लावत नाही. तो फळलेल्या झाडाची, चांगली जाड, गडद हिरवी फांदी लावतो, आणि त्या फांदीला साधारण दीड-दोन वर्षांत फूल येतं. जानेवारी २०२१ मध्ये गुजरात सरकारने या फळाचं नाव 'कमलम' ठेवलं, फळाचा आकार कमळासारखा म्हणून. त्या दिवशी संध्याकाळी मी गच्चीवर जाऊन माझ्या दोन कुंड्यांकडे बघत उभा राहिलो होतो. एक कळी नव्हती.

त्याच वर्षी, उन्हाळ्याआधी भुजहून आमचे साडू आले, येताना ओळखीच्या शेतावरून लाल गराच्या झाडाच्या दोन फांद्या वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन. कच्छात आता याची बरीच लागवड आहे. फांद्या हातभर लांब, तीन धारांच्या, आणि प्रत्येकीवर मार्करने बाण काढलेला. बाण कशाला, तर वरची बाजू कळावी म्हणून. फांदी तोडून आठवडाभर पडली की वर कुठलं, खाली कुठलं, हे पटकन लक्षात येत नाही. उलटी लावली तरी मुळं फुटतात, पण झाड रखडतं. तेव्हापासून मीही बाण काढल्याशिवाय कुणाला फांदी देत नाही.

तोडलेली फांदी लगेच मातीत खोचू नका. सावलीत पाच-सात दिवस नुसती ठेवा. कापलेली जागा सुकून तिच्यावर खरपुडी धरली पाहिजे. ओल्या जखमेतून बुरशी आत जाते आणि फांदी खालून मऊ पडून सडते. मग दोन-तीन इंच खोल लावायची, जास्त नाही.

माती हा आपल्या बडोद्याचा खरा प्रश्न. इथली काळी माती कापसाला सोनं, पण कुंडीत भरली की पावसाळ्यात चिखल धरून बसते. निवडुंगाची मुळं वरवर पसरणारी, त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. मी एक भाग माती, एक भाग जाडी रेती, एक भाग कुजलेलं शेणखत आणि विटांचे तुकडे असं घेतो. भांडं म्हणून दोनशे लिटरचा प्लास्टिकचा पिंप मधोमध कापून दोन केले, बुडाला दहा-बारा भोकं पाडली. भरलेला अर्धा पिंप शंभर किलोच्या वर जातो. जुन्या घराच्या गच्चीवर तो मधोमध ठेवायचा नाही, खाली भिंत किंवा बीम असेल तिथेच ठेवायचा. आमच्या बाबाजीपुऱ्यातल्या घराच्या बाबतीत मी हे मिस्त्रीला दाखवून मगच ठरवलं.

शेतात सिमेंटचा खांब असतो आणि त्याच्या डोक्यावर रिंग किंवा जुना टायर. मी जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी, पाइप रोवला आणि वर स्कूटरचा टायर बांधला. फांदी सुतळीने बांधत बांधत पाच फुटांवर न्यायची, वाटेत फुटणारे सगळे कोंब खुडायचे, टायरच्या वर पोचली की शेंडा मारायचा, म्हणजे टोक कापायचं. मग तिला चार-पाच फांद्या फुटून त्या टायरवरून खाली झुकतात. फूल येतं ते या लोंबत्या फांद्यांवर. जे लोक "आमचं झाड नुसतंच वाढतंय" म्हणतात, त्यांच्याकडे बहुतेक वेळा शेंडा मारलेला नसतो.

निवडुंग म्हटलं की लोक समजतात याला कितीही ऊन चालेल. हे वाळवंटातलं झाड नाही. मेक्सिकोच्या दक्षिणेकडची आणि मध्य अमेरिकेतली जंगलं हे याचं घर, तिथे ते मोठ्या झाडांच्या खोडावर चढतं. इथे एप्रिल-मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेला की पश्चिमेकडच्या फांद्या आधी पिवळ्या, मग भाजल्यासारख्या पांढऱ्या पडतात. मार्चअखेर हिरवी जाळी बांधतो, पाऊस लागला की काढतो. पाणी संध्याकाळी घालतो. हे झाड दिवसा पानांची, म्हणजे त्या हिरव्या खोडाची, छिद्रं मिटून घेतं आणि रात्री उघडून हवा घेतं. त्याचं सगळं महत्त्वाचं काम रात्रीच चालतं.

फूलसुद्धा रात्रीच.

२०२२ च्या जूनमध्ये पहिली कळी आली. आईला गच्चीवर आणून दाखवली. तिने चष्मा कपाळावर सरकवून, अगदी नाक लावून ती बघितली आणि म्हणाली, "अरे, हे तर आपल्या ब्रह्मकमळाचं भावंड." तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण ते खरंच तसं आहे. आपण घरोघरी ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो तोही अमेरिकेतून आलेला निवडुंगच, आणि या फळाचा जवळचा नातलग. हिमालयातलं ब्रह्मकमळ ही वेगळीच वनस्पती, ती सूर्यफुलाच्या कुळातली. आईच्या लहानपणी वाड्यात कुणाकडे ब्रह्मकमळ फुलणार असलं की संध्याकाळीच निरोप फिरायचे, रात्री साडेनऊ-दहाला बायका हळदीकुंकू घेऊन जमायच्या. आणि ते झाड कुणी विकत आणल्याचं तिला आठवत नाही. एकीने दुसरीला पान दिलं, तिने तिसरीला. मला त्या वाक्याने जागं केलं. मी नर्सरीच्या फोटोमागे धावलो, आणि आपल्याच घरांत अशी झाडं मागून आणायची पद्धत चालत आलेली.

त्या वर्षी सहा फुलं आली. सहाही पाचव्या-सहाव्या दिवशी पिवळी पडून गळली. मी खत बदललं, पाणी कमी केलं, जास्त केलं. शेवटी भुजला फोन केला. शेतमालकाने एकच प्रश्न विचारला: "दोन्ही फांद्या एकाच झाडाच्या ना?" होत्या. म्हणजे गच्चीवर पिंप दोन असले तरी झाड एकच. लाल गराच्या बऱ्याच जातींना स्वतःचा पराग चालत नाही, दुसऱ्या जातीचा लागतो. पांढऱ्या गराची जात बहुधा एकटी फळते. शेतात जाती मिसळलेल्या असतात आणि पहाटे मधमाश्या ते काम उरकतात. मूळ देशात वटवाघळं आणि मोठे निशाचर पतंग करतात. गच्चीवर ते काम आपण करायचं.

पांढऱ्या गराची फांदी मला दुकानातच मिळाली. बायफोकल करायला आलेल्या, मांजलपूरच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंकडे चार वर्षांचं फळतं झाड होतं. त्यांना लाल हवं होतं. मी त्यांना लालची फांदी दिली, त्यांनी पांढऱ्याची. तेव्हापासून आमचा हाच व्यवहार: फांदीला फांदी. पैसे नाहीत.

पांढऱ्याला फूल यायला पुढचा पावसाळा उजाडला. दोन्ही एकाच रात्री फुलतील असं नसतं. आदल्या रात्री पांढऱ्याच्या फुलातला पराग मी भिंगं पुसायच्या मऊ ब्रशने कागदाच्या पुडीत झटकून घेतला आणि पुडी फ्रिजमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी लाल फुलायचं होतं. सातला कळीचं टोक सैल झालं. आठच्या सुमाराला बाहेरच्या पिवळट-हिरव्या पट्ट्या मागे वळायला लागल्या, आणि आतल्या पांढऱ्या पाकळ्या दिसल्या. दहापर्यंत वीतभराहून मोठं फूल पूर्ण उघडलं होतं. वास गोडसर, जवळ गेल्यावरच कळणारा. आत शेकडो पिवळे पुंकेसर, आणि त्यांच्यामधून पुढे आलेला जाड दांडा, टोकाला बारीक बोटांचा पंजा असावा तसा. ती बोटं चिकट असतात. पुडी उघडून ब्रशवर पराग घेतला आणि एकेका बोटावर फिरवला. आई खुर्चीत बसून टॉर्च धरत होती. तिचा हात थकला तेव्हा तिने टॉर्च मांडीवर ठेवला, पण खाली जायला तयार होईना. सकाळी आठला फूल मिटून लोंबत होतं.

सहाव्या दिवशी त्याच्या बुडाशी हिरवा फुगवटा तसाच राहिला. मी रोज दुकानाला निघण्यापूर्वी वर जाऊन बोट लावून बघायचो.

फूल ते फळ साधारण तीस-पस्तीस दिवस. हिरवी साल चार-पाच दिवसांत गुलाबी होते. त्यावर आणखी तीन-चार दिवस झाडावरच ठेवा, कारण तोडल्यावर हे फळ पिकत नाही, गोडी वाढत नाही. बाजारातलं फळ पुष्कळांना फिकं लागतं, त्याचं एक मोठं कारण हेच असावं असं मला वाटतं. ते लवकर तोडलेलं असतं. बुलबुल आणि खारी मात्र रंग बघूनच येतात, तेव्हा मलमलीची पिशवी बांधा. आमचं पहिलं फळ चारशे दहा ग्रॅम भरलं. आईने दोन फोडी खाल्ल्या. तिला मधुमेह आहे, तिसरी मी दिली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

परदेशातल्या भाच्याला पिवळ्या जातीची फांदी बॅगेत टाकून आणायला सांगू का, असंही काहीजण विचारतात. नका सांगू. बाहेरून झाडाचा तुकडा आणायला २००३ च्या वनस्पती संगरोध (बाहेरच्या झाडांबरोबर रोग-कीड येऊ नये म्हणूनच्या) आदेशाप्रमाणे परवाना आणि तिकडचं रोगमुक्त असल्याचं प्रमाणपत्र लागतं. एका फांदीबरोबर खोडावर डाग पाडणारी बुरशी आली, तर ती कच्छातल्या शेतांपर्यंतही जाऊ शकते. या शहरात बाहेरची झाडं आणायची हौस जुनी आहे. सयाजीराव महाराजांनी क्रुम्बिगेल हा जर्मन उद्यानतज्ज्ञ इथल्या बागांवर नेमला होता, पुढे १९०८ साली तो बंगळूरच्या लालबागेत गेला. पण ते काम जाणत्या माणसाच्या हातचं होतं.

तर कुठून आणलंत, याचं उत्तर: भुजहून आणि मांजलपूरहून. तुम्हाला हवं असेल तर फळांचा हंगाम संपल्यावर, डिसेंबर-जानेवारीत छाटणी करतो तेव्हा या. लाल आणि पांढरी, दोन्ही न्या. दुकानात डावीकडून दुसऱ्या खणात, फ्रेमच्या रिकाम्या खोक्यांखाली वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेल्या असतात. तोडल्याची तारीख वर लिहिलेली असते, आणि बाण काढलेला.