विमानतळाच्या कुंपणाबाहेर

अमेरिकेत आल्यावर माझी पहिली नोकरी विमानतळाजवळच्या एका खासगी पार्किंग लॉटवर होती. हुद्दा डिस्पॅचर. काचेच्या केबिनमध्ये बसून रेडिओवर शटलच्या, म्हणजे लॉट आणि टर्मिनलमध्ये प्रवाशांची ने-आण करणाऱ्या बसच्या, ड्रायव्हरांशी बोलायचं आणि कोणाची गाडी कितव्या ओळीत आहे ते तिकिटावर लिहून द्यायचं, हे काम. तीन हिवाळे केलं. आजही कुठल्याही विमानतळातून बाहेर पडले की माझी नजर आधी शटलच्या थांब्याकडे जाते. किती जण उभे आहेत, केव्हापासून ताटकळत असतील, याचा हिशेब मनात आपोआप सुरू होतो.

हा धंदा वाढला तो जेट विमानांमुळे. पॅन अ‍ॅम या विमान कंपनीचं बोइंग ७०७ हे जेट ऑक्टोबर १९५८ मध्ये न्यूयॉर्कहून पॅरिसला गेलं आणि पुढच्या दहा वर्षांत विमानप्रवास सुटीवर निघालेल्या कुटुंबांच्या आवाक्यात येत गेला. ही मंडळी स्वतःची गाडी घेऊन विमानतळावर येत आणि ती आठवडाभर तिथेच सोडून जात. सोडायला आलेल्यांच्या गाड्या तासाभरात हलतात, त्यामुळे एका जागेवर दिवसात दहा गाड्या लागू शकतात. आठवडाभराची गाडी मात्र ती जागा अडवूनच बसते. टर्मिनलसमोरची जागा कमी पडू लागली आणि कुंपणाबाहेर ज्यांच्या जमिनी होत्या त्यांना संधी दिसली. पार्क एन फ्लाय या कंपनीने १९६७ मध्ये सेंट लुइसमध्ये सुरुवात केली, ती याच गरजेवर.

जमिनीचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. धावपट्टीच्या आसपास उंच इमारत बांधता येत नाही आणि विमानांच्या आवाजात राहायला कोणी तयार नसतं. उभ्या गाडीला आवाजाचा त्रास नाही, उंचीचं बंधनही आड येत नाही. मधले रस्ते धरून एका एकरात साधारण सव्वाशे ते दीडशे गाड्या बसतात. किल्ल्या ठेवून घेणारा व्हॅले लॉट असेल तर गाड्या एकमेकींना खेटून लावता येतात, म्हणजे आणखी जास्त. डांबर, कुंपण, दिवे, एक केबिन आणि दोन-तीन बस, एवढ्यावर धंदा उभा राहतो. बाहेरून बघताना तरी असंच वाटतं.

आत बसल्यावर कळतं की सगळा खेळ बसचा आहे. जाणाऱ्या प्रवाशाच्या पोटात विमान चुकण्याची धास्ती असते. परतणारा थकलेला असतो, कडेवर झोपलेलं मूल असतं आणि सामान थंडीत फुटपाथवर. थांब्यावर चौघे उभे असताना बस सोडायची की पुढच्या विमानाच्या लोकांसाठी पाच मिनिटं थांबवायची, हे मला दर फेरीला ठरवावं लागे. एका हिवाळ्यात मालकांनी खर्च वाचवायला रात्रीची एक बस बंद केली. एका रविवारी बर्फ पडत असताना लोक चाळीस मिनिटं थांब्यावर उभे राहिले. केबिनमध्ये आल्यावर एक वयस्कर बाई काहीच बोलल्या नाहीत, नुसतं तिकीट पुढे केलं. त्या रात्रीच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांपैकी बरेच जण पुन्हा आले नाहीत. दर दोन डॉलरने वाढवला असता तरी ते आले असते, असं माझं ठाम मत आहे.

नावावरून या धंद्यात झालेलं भांडण तर थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. पार्क एन फ्लायने १९७१ मध्ये आपल्या नावाची नोंदणी मिळवली होती. ओरेगॉनमधल्या पोर्टलंडला डॉलर पार्क अँड फ्लाय नावाचा लॉट होता, त्याच्यावर त्यांनी १९७८ मध्ये दावा लावला. समोरच्याचं म्हणणं असं की ‘गाडी लावा आणि उडा’ हे तर कामाचं नुसतं वर्णन आहे, त्यावर कोणाची मालकी कशी? १९८५ मध्ये न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी ठरवलं की ठरावीक मुदतीनंतर पक्क्या झालेल्या नोंदणीला अशा कारणाने आव्हान देता येत नाही. निकालपत्र न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांचं. प्रकरण खालच्या न्यायालयात परत गेलं आणि तिथे १९८६ मध्ये असं ठरलं की या दोन नावांत गिऱ्हाइकाचा घोटाळा होण्याची शक्यता नाही. म्हणजे तत्त्व जिंकलं, दावा हरला. ट्रेडमार्कचा कायदा शिकणारे विद्यार्थी हा खटला आजही वाचतात. त्यामागे गाड्या लावण्याचं एक साधं मैदान आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

पार्किंग हे विमानतळांच्या कमाईचं मोठं साधन, त्यामुळे कुंपणाबाहेरचे लॉट त्यांना खुपणारच. आत येणाऱ्या शटलसाठी ते लॉटच्या एकूण उत्पन्नावर टक्केवारी मागतात. फ्लोरिडातल्या सारासोटा विमानतळाच्या अशाच आकारणीविरुद्ध अलामो ही गाड्या भाड्याने देणारी कंपनी लढली आणि १९९० मध्ये हरली. आमचे मालक या टक्केवारीला खंडणी म्हणत. मला ते पटत नसे. प्रवासी विमानतळामुळेच येतात, रस्ते आणि थांबे विमानतळाचेच. पण टक्केवारी घेतल्यावर शटलचा थांबा टर्मिनलच्या पार टोकाला ढकलायचा, हे मात्र चुकीचं.

१९९८ मध्ये मार्टिन नेस्बिट यांनी उद्योजिका पेनी प्रित्झकर यांच्या पाठबळावर द पार्किंग स्पॉट ही विमानतळाबाहेरच्या पार्किंगची कंपनी काढली. पिवळ्या बसवर काळे ठिपके. रात्री दुरून बस ओळखू येणं ही केवढी सोय आहे, हे थंडीत थांब्यावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. २००१ च्या हल्ल्यांनंतर टर्मिनलपासून ३०० फुटांच्या आत गाड्या उभ्या करायला बंदी आली, तेव्हा तर आतल्या जवळच्या जागाच गेल्या.

कोरोनाच्या साथीत, १४ एप्रिल २०२० रोजी, अमेरिकेतल्या सगळ्या विमानतळांवर मिळून फक्त ८७,५३४ प्रवासी तपासणीतून गेले. वर्षभरापूर्वी त्याच सुमारास रोज बावीस लाखांच्या आसपास जात. त्या महिन्यात मी आमच्या जुन्या लॉटवरून गेले. ओळींचे जे आकडे मी हजारो तिकिटांवर लिहिले होते, ते डांबरावर रंगवलेले पहिल्यांदाच सलग दिसले. मागच्या कोपऱ्यात वीस-पंचवीस गाड्या होत्या, मार्चमध्ये गेलेल्या आणि परत येऊ न शकलेल्या लोकांच्या. माझ्या वेळचा एक ड्रायव्हर हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन एकेक गाडी दहा-दहा मिनिटं चालू ठेवत होता, बॅटरी उतरू नये म्हणून.