पहिल्या ओळीत काय लिहायचं?

लेकीच्या इंजिनिअरिंग प्रवेशाच्या ऑप्शन फॉर्ममध्ये कॉलेज-ब्रँचचे ३०० पर्याय पसंतीच्या क्रमानं भरता येतात हे कळलं तेव्हा मला हायसं वाटलं होतं. एवढ्यात कुठंतरी नंबर लागेलच की! मग माहितीपुस्तिका नीट वाचली आणि झोप उडाली. २०२५ला इंजिनिअरिंगच्या कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या, तीनाऐवजी चार फेऱ्या झाल्या आणि नियमही बदलला. पहिल्या फेरीत पहिल्या ओळीतलंच कॉलेज लागलं तर ते आपोआप फ्रीझ, म्हणजे तीच जागा कायम, तुमची इच्छा असो वा नसो. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी काही लागलं तर तेच, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी. म्हणजे फॉर्म ३०० ओळींचा असला तरी जीव अडकलेला वरच्या सहा ओळींत.

लेकीला सीईटीत, म्हणजे प्रवेश परीक्षेत, ९४च्या आसपास पर्सेंटाइल होते. वाईट नाहीत, पण 'कुठंही मिळेल' असेही नाहीत. असल्या मार्कांना सगळ्यात जास्त डोकेफोड करावी लागते, हे कुणी आधी सांगत नाही. नवऱ्याचं म्हणणं, कॉलेज कुठलंही चालेल, ब्रँच कॉम्प्युटर पाहिजे. लेकीला ई अँड टीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन, हवं होतं. ऑफिसातल्या लोकांचं म्हणणं रोज बदलायचं.

कागदपत्रांचं मी लांबवत नाही. ई-स्क्रुटिनी, म्हणजे ऑनलाइन तपासणी, घेतली, एक स्कॅन पुसट म्हणून परत आलं, दुसरं चढवलं, झालं.

खरा घोळ मी कटऑफच्या, म्हणजे कुठल्या कॉलेजात किती पर्सेंटाइलला प्रवेश थांबला त्याच्या, पीडीएफमध्ये घातला. आदल्या वर्षीची ती शेकडो पानांची फाइल घेऊन मी एक्सेलमध्ये तक्ता करत होते. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर सांकेतिक अक्षरं: सुरुवातीला 'जी' किंवा 'एल', म्हणजे सर्वसाधारण किंवा मुलींसाठी, मधे प्रवर्ग, शेवटी 'एच', 'ओ' किंवा 'एस'. एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे होमच्या बाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तर. बारावी ज्या जिल्ह्यात झाली तिथलं विद्यापीठ ते आपलं होम. लेकीची बारावी साताऱ्याची, म्हणजे आमचं होम शिवाजी विद्यापीठ, आणि बघत होतो पुण्यातली कॉलेजं. तिथं आम्ही 'ओ'वाले. मी मात्र दोन आठवडे 'एच'चे आकडे उतरवत बसले होते. लेकीनं एका रात्री मागून वाकून बघितलं आणि म्हणाली, "आई, हा रकाना आपला नाहीये." सगळा तक्ता पुन्हा केला. काही कॉलेजं त्यातून उडाली, एक-दोन नवी आली. एकच ब्रँच दोनदा का दिसतेय याचाही उलगडा त्याच रात्री झाला. ज्या चॉइस कोडच्या, म्हणजे कॉलेज-ब्रँचच्या क्रमांकाच्या, शेवटी 'टी' आहे ती ट्यूशन फी माफीची जागा, त्यासाठी उत्पन्न ८ लाखांच्या आत लागतं. आम्ही त्यात बसत नव्हतो, त्या ओळी पुसल्या.

तक्ता झाल्यावर बघायला निघालो. सकाळची एसटी, स्वारगेट, तिथून रिक्षा.

पहिलं कॉलेज दारातूनच झकपक. काचेचा स्वागतकक्ष, थंडगार एसी, भिंतभर बॅनरवर 'सर्वोच्च पॅकेज' आणि एका मुलाचा हसरा फोटो. समुपदेशक म्हणून बसलेल्या मॅडमनी आधी फोन नंबर लिहून घेतला, मग पर्सेंटाइल विचारले. मी सांगितले. कुठली ब्रँच? तेही मीच सांगितलं. "आणि बेटा, तुला काय आवडतं?" असं त्यांनी लेकीकडे बघून विचारलं, तर त्याचंही उत्तर माझ्याच तोंडून गेलं. मला ते तेव्हा जाणवलंही नाही. बाहेर आल्यावर रिक्षात ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "पुढच्या कॉलेजात तू बाहेर बस."

राग आला. पण बसले बाहेर.

त्याचा फायदा असा झाला की ती ऑफिसात न जाता सरळ कॅन्टीनकडे गेली आणि थर्ड इयरच्या दोन मुलींना गाठलं. तिचा प्रश्न एकच होता: प्रॅक्टिकलला एका किटवर किती जण असतात? त्या म्हणाल्या, सहा-सात. एक जण करतो, बाकीचे रीडिंग उतरवतात. मग त्यांनीच तिला लॅब दाखवली आणि तिनं मला हाक मारली. टेबलांवर ऑसिलोस्कोप ओळीनं मांडलेले, नवेकोरे. जवळ गेले तर स्क्रीनवरचा पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा अजून निघालेला नव्हता. लॅब असिस्टंट लगबगीनं म्हणाले, "हात नका लावू, इन्स्पेक्शनसाठी लावून ठेवलेत." बिचारे खरं बोलले.

तिसरं कॉलेज बघून माझा चेहरा पडला होता. इमारत जुनी, जिन्यात पोपडे, गेटवर कुणी विचारत नाही. लॅबमध्ये मात्र पाय ठेवताच सोल्डरिंगचा तो जळका, राळेसारखा वास आला. टेबलांवर इस्त्रीचे चटके बसावेत तसे काळे डाग होते. दोन पोरं एका बोर्डावर वाकली होती. त्यातल्या एकानं मान वर न करता लेकीला म्हटलं, "जरा हा प्रोब धरतेस?" तिनं धरला. मी दारात उभी. पंधरा मिनिटांनी तिनं माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मला कळलं की आता एक्सेलचा फारसा उपयोग नाही.

तरी मी माझं काम सोडलं नाही. होस्टेलचे नळ सोडून पाहिले. गरम पाणी किती वाजेपर्यंत येतं, आजारी पडल्यावर रात्री कोण घेऊन जातं, हे वॉर्डनना विचारलं. फीची चौकशी केली. शिकण्याची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं, पण होस्टेल, मेस आणि बस त्यात नसते, आणि वर्षाचा खरा हिशेब तिथंच फुगतो. ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसमधल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना २०२४पासून ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. ज्यांना लागू होतं त्यांनी तिथल्या ऑफिसात आधी विचारावं.

बॅनरवरच्या पॅकेजचं गणित घरी आल्यावर सुटलं. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीसाठी कॉलेजं जी माहिती पाठवतात ती त्यांच्या वेबसाइटवर असते, बहुधा तळाशी कुठंतरी दडवलेली. त्यात किती मुलं वेळेत पास झाली, किती नोकरीला लागली, किती पुढं शिकायला गेली आणि पगाराचा मीडियन किती, हे ओळीनं दिलेलं असतं. मीडियन म्हणजे पगार चढत्या क्रमानं लावल्यावर बरोबर मधल्या मुलाचा पगार. झकपक कॉलेजचा मीडियन त्या हसऱ्या मुलाच्या पॅकेजच्या पाव हिस्साही नव्हता. जुन्या इमारतीचा मीडियन त्याच्याहून थोडा बरा होता. फार नाही, पण होता.

नवरा एकदाही आमच्याबरोबर आला नव्हता. फॉर्म उघडल्यावर "कॉम्प्युटर वर टाक, बाकी बघू" असं त्यानं सांगितलं, आणि लेकीनं ठरवून भांडण केलं नाही. ती एवढंच म्हणाली, "बाबा, उद्या एक दिवस सुट्टी घ्या." दोघं पुण्याला गेले. तिथं काय झालं ते मला दोघांनीही धड सांगितलं नाही. रात्री येऊन त्यानं बूट काढता काढता विचारलं, "ई अँड टीसीवाल्यांना सॉफ्टवेअरमध्ये घेतात ना?" घेतात, मी म्हटलं. त्यावर तो जेवायला बसला.

पहिल्या ओळीत सीओईपीची, म्हणजे पुण्याच्या जुन्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजची, ई अँड टीसी टाकली. १८५४पासूनची संस्था, २०२२ला विद्यापीठ झालेली, आणि आमच्या ९४ला तिथं दार बंद. पण हरकत नव्हती. न मिळणारं पहिल्या ओळीत टाकल्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते मिळू शकणारं पण मनातून नको असलेलं तिथं बसवलं की. दुसऱ्या ओळीत जुनी इमारत. झकपक कॉलेजचं कॉम्प्युटर पाचव्या ओळीत गेलं, नवऱ्याच्या समाधानासाठी.

पहिल्या फेरीत नेमकी तीच पाचवी ओळ लागली! घरात दोन दिवस कुणी कुणाशी नीट बोललं नाही. हातातली जागा फ्रीझ करावी की पुढं जावं? लेकीनं फ्रीझ केली नाही. दुसऱ्या फेरीचा फॉर्मही त्याच क्रमानं भरला. त्या फेरीत दुसरी ओळ लागली, पहिल्या तिनांतली म्हणून आपोआप फ्रीझ झाली, आणि सीट ॲक्सेप्टन्सचे १००० रुपये तिनं स्वतःच ऑनलाइन भरले.

रिपोर्टिंगच्या, म्हणजे कॉलेजात हजर होऊन प्रवेश घ्यायच्या दिवशी, लेकीनं सांगितल्याप्रमाणे मी बाहेरच्या बाकावर बसले होते. दहा मिनिटांनी ती धावत बाहेर आली. एलसीची मूळ प्रत माझ्या पर्समध्ये राहिली होती.