फ्रेश परफ्यूम आणि आपला एकच प्रश्न: टिकतो किती?

परफ्यूमच्या दुकानात मराठी माणूस काय करतो ते एकदा बघा. कागदाच्या पट्टीवर मारलेला फवारा हुंगतो आणि वास आवडला की नाही हे स्वतःलाही कळायच्या आत, कुकरची गॅरंटी विचारावी तसं विचारतो, "टिकतो किती?" सेल्समनला उत्तर पाठच असतं. "सर, आठ-दहा तास कुठे गेला नाही, कपड्यावर तर धुतल्यावरही राहतो." झालं, फाडा बिल.

आता ऊद-बिऊद, मस्क, अंबर असल्या जड वासांना हा प्रश्न खुशाल विचारा, माझी हरकत नाही. पण रोज आंघोळ करून ऑफिसला निघताना मारायचा जो फ्रेश वास असतो ना, लिंबू-संत्र्यावाला, समुद्रावाला, नुकतंच साबण लावून बाहेर आल्यासारखा, तो घेताना पहिला प्रश्न हा विचारला की आपण हमखास भलतीच बाटली घरी आणतो. हे माझं मत मी इथे जरा सविस्तर मांडतोय कारण घरी ते आता कुणी ऐकून घेत नाही.

मुळात फ्रेश वाटतं ते कशाने, तर लिंबू, संत्रं, बर्गमॉट (हे इटलीच्या कॅलाब्रियात होणारं कडवट-आंबट फळ, खायला फारसं कुणी घेत नाही, सगळी किंमत सालीला) यांच्या सालीतल्या तेलाने. संत्र्याची साल दुमडली की बारीक तुषार उडतो, शाळेत डबा खाताना एकमेकांच्या डोळ्यात मारायचो तो, त्यात बहुतांश लिमोनीन असतं. हा रेणू इतका हलका की अंगाच्या उबेनेच उडून जातो, वीस मिनिटं, फार तर अर्धा-पाऊण तास. आणि असा भसकन उडून नाकात शिरतो म्हणूनच तर तो तरतरीत लागतो, सावकाश उडणारा असता तर तसा लागलाच नसता. म्हणजे ज्या गुणासाठी पैसे मोजले त्याच गुणाबद्दल आपण नंतर कुरकुर करतो, की अहो हा उडून गेला.

जुन्या लोकांची अशी काही अपेक्षाच नव्हती. कोलनवॉटर आठवतंय का? ताप चढला की कपाळावर कोलनवॉटरच्या घड्या ठेवायचे, ते उडून जायचं म्हणूनच गार वाटायचं. ते खरं तर अंगाला, रुमालाला लावायचं सुगंधी पाणी, जर्मनीतल्या कोलोन शहरातलं, तिथली फारिना कुटुंबाची १७०९ सालची कंपनी आजही चालू आहे. असल्या पाण्यात सुगंधी तेल जेमतेम दोन ते चार टक्के, बाकी सगळं अल्कोहोल आणि पाणी. उडालं की परत ओतायचं, नेपोलियन तर बाटल्याच्या बाटल्या रिकाम्या करायचा म्हणतात. आपल्याकडे मात्र ते औषधाच्या कपाटात जाऊन बसलं आणि तिथेच म्हातारं झालं.

मग हल्लीचे फ्रेश परफ्यूम सहा-सात तास कसे काय टिकतात? तर ते लिंबू नसतं, बॉस. लिंबाचं काम दुसरंच कुणीतरी करत असतं. १९६६ साली एदमों रुदनित्स्का या परफ्यूमरने डिओरसाठी 'ओ सोवाज' केला, त्यात हेडिओन नावाचं जाईच्या वासाचं पण एकदम हवेशीर असं द्रव्य घातलं आणि लिंबाला आतून आधार दिला. हा माझ्या मते आजवरचा सगळ्यात सभ्य पुरुषी वास, पण तोही घमघमत नाहीच. खरी उलथापालथ झाली १९८८ साली, डेव्हिडॉफचा 'कूल वॉटर' आला तेव्हा. परफ्यूमर पिएर बूरदों. त्यात भरपूर डायहायड्रोमिर्सेनॉल, नाव वाचून घाबरू नका, वास तुमच्या ओळखीचा आहे, लिंबू, लॅव्हेंडर आणि थोडासा थंडगार स्टीलचा असा काहीतरी एकत्र. लिंबापेक्षा खूप जास्त टिकतो आणि स्वस्त. स्वस्त असल्यामुळे तो शांपूत असतो, साबणात असतो, कपड्याच्या पावडरीत असतो, आणि गंमत अशी की चांगला महागाचा परफ्यूम मारून गेलो तरी समोरचा म्हणतो, "अरे कुठली पावडर वापरता घरी?"

समुद्राचा जो वास म्हणतात ना, तो पण असाच. कॅलोन नावाचा रेणू १९६६ मध्ये फायझर या औषध कंपनीच्या केमिस्ट लोकांना सापडला, आणि परफ्यूमवाल्यांच्या तो खरा उपयोगी पडला ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. कलिंगड आणि खारं वारं, दोन्ही एकदम. १९९६ च्या अरमानीच्या 'आक्वा दि जिओ'ने तो घराघरात नेला, आणि त्या काळात कॉलेजात असलेल्या एखाद्याला आज तो हुंगायला दिलात तर तो डायरेक्ट कॉलेजच्या कट्ट्यावर पोचतो. आपला समुद्र अर्थात असा वास मारत नाही, ससून डॉकवर जाऊन या एकदा.

आणि मग आजचे ते 'ब्लू' परफ्यूम, निळी बाटली, निळं खोकं, 'ब्लू द शनेल' २०१० चा, डिओरचा 'सोवाज' २०१५ चा, आणि त्यांच्या मागे लागलेली हजार डुप्लिकेटं. यांच्यात टिकण्याची जबाबदारी बऱ्याच अंशी ॲम्ब्रॉक्सन नावाचं द्रव्य सांभाळतं. पेपरात अधूनमधून बातमी येते बघा, रत्नागिरीत नाहीतर सिंधुदुर्गात व्हेल माशाची उलटी विकताना दोघे-तिघे पकडले, किंमत कोटीत. ती उलटी म्हणजे अंबरग्रीस, व्हेलच्या आतड्यात तयार होतं, वर्षानुवर्षं समुद्रात तरंगून त्याला तो वास येतो, आणि वन्यजीव कायद्यामुळे आपल्याकडे त्याचा व्यापार हा सरळसरळ गुन्हा आहे. ॲम्ब्रॉक्सन हा त्या वासातला मुख्य भाग, पण तो करतात क्लॅरी सेज नावाच्या झाडापासून. म्हणजे ज्या वासासाठी लोक तुरुंगात जातात तो वास मॉलमधल्या बाटलीत कायदेशीर मिळतो आणि व्हेलला पत्ताही नसतो. पण तो मारलेला माणूस लिफ्टमधून उतरून गेला तरी लिफ्ट त्याचीच राहते, हा माझा त्याच्यावरचा राग.

बरं, टिकत नाही ही तक्रार अर्ध्या वेळेला खरीही नसते. आपलं नाक स्वतःच्या वासाला अर्ध्या तासात सरावतं आणि कळवायचंच बंद करतं. मग माणूस म्हणतो गेला वाटतं आणि परत चार फवारे मारतो, आणि बाजूच्या टेबलवरची मॅडम खिडकी उघडते. संध्याकाळी घरी आलात की सकाळचा शर्ट काढून दारामागे टांगा, हातपाय धुवा, चहा प्या आणि मग त्या शर्टाची कॉलर हुंगा. तिथे जे काही उरलेलं असेल तो खरा हिशोब. ही टेस्ट मी प्रत्येक बाटलीला लावतो, फुकट आहे. दुकानात कॉफीच्या बिया हुंगायला देतात त्यात मला काही राम दिसत नाही, त्यापेक्षा दोन मिनिटं बाहेर जाऊन मोकळी हवा घ्यावी.

आता वापरायचं कसं. परदेशी व्हिडीओत सांगतात की रोजच्या वासाचा घेर हातभर असावा, म्हणजे हात लांब केला की त्याच्या आतल्या माणसालाच यावा. तत्त्व म्हणून एकदम मान्य. पण डोंबिवली फास्टमध्ये हातभर अंतरात पंधरा माणसं असतात हो! मे महिन्यात, सकाळी, वरची कडी धरलेली, तुमची काख कुणाच्या तरी नाकाशी आणि कुणाची तरी तुमच्या. तिथे एक जण डिओचा अख्खा ढग घेऊन चढला की तो डोंबिवलीला मारलेला डिओ ठाण्यापर्यंत घामात मिसळून तिसरंच काहीतरी होतो. डिओवाल्यांनी आपल्याला सवयच तशी लावलीये, बिना गॅसचा, इतके फवारे, जास्त दिवस पुरेल, सगळा हिशोब किलोच्या भावात.

घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच, काखेतले बॅक्टेरिया त्या घामावर काम करतात तेव्हा तो येतो. म्हणून परफ्यूमच्या आधी त्याचा बंदोबस्त. मी तुरटी वापरतो. न्हाव्याकडे दाढीनंतर फिरवतात तीच, वाण्याकडे चिल्लर पैशात मिळते, आंघोळ झाली की ओली करून काखेत फिरवायची आणि वाळू द्यायची, किंचित चिकट लागतं मग लागेनासं होतं. घाम थांबत नाही पण वास धरत नाही. घामावर परफ्यूम मारणं हा प्रकार मात्र कृपा करून बंद करा, त्याने काहीही झाकलं जात नाही, उलट लक्ष जातं.

मग अंग पूर्ण कोरडं झाल्यावर एक फवारा छातीवर, गंजीच्या आत. शर्ट वरून येतो, त्यामुळे वास एकदम भसाभस बाहेर पडत नाही, हललं-वाकलं की तेवढ्यापुरता वर येतो. उघड्या मानेवर मी मारत नाही, कारण बर्गमॉटच्या नैसर्गिक तेलात बर्गॅप्टेन म्हणून एक घटक असतो, तो त्वचेवर असताना कडक ऊन लागलं की काळे डाग पडू शकतात. चांगल्या कंपन्या तो काढून टाकलेलं तेल वापरतात, पण स्टेशनबाहेरच्या 'फर्स्ट कॉपी'वाल्याने काय घातलंय ते त्यालाच माहीत.

आणि दुसरा फवारा हातरुमालावर. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडचा पुरुष पाकीट विसरेल पण रुमाल विसरणार नाही. जाड सुती रुमाल घ्यायचा, पूर्ण उघडायचा, मध्यभागी एक फवारा मारायचा, अल्कोहोल उडू द्यायचं आणि ती बाजू आत ठेवून घडी घालायची. सुती कापडावर लिंबूसुद्धा अंगापेक्षा बराच जास्त वेळ राहतो कारण तिथे अंगाची ऊब नाही. घाटकोपरला घाम पुसायला रुमाल काढला की नाकापुरता ताजा वास, फक्त तुम्हाला, शेजाऱ्याला त्रास नाही. दुपारी जेवणानंतर परत हवाच असेल तर पाच मिलीची रिकामी स्प्रे बाटली मिळते, ती भरून बॅगेत टाका. मोठी बाटली गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा बाथरूममध्ये ठेवू नका, ऊन आणि उष्णतेने पहिलं लिंबूच मरतं, मग नेलपॉलिशसारखा वास येतो.

आता कुणी म्हणेल, ते सगळं ठीक, पण मला फ्रेशही हवाय आणि टिकाऊही हवाय आणि तो पावडरवाला वास नकोय. तर आहे ना, आपल्या घरातच होता. वाळा! उन्हाळ्यात माठात जुडी टाकायचे तो, खिडकीला पडदे लावून पाणी मारायचे तो. वाळ्याच्या तेलातले रेणू जड, लिमोनीनच्या जवळजवळ दीडपट वजनाचे, त्यामुळे ते सावकाश उडतात, आणि तरीही वास गार लागतो. परफ्यूमरांच्या भाषेत तो तळाचा वास, सगळ्यात शेवटपर्यंत उरणारा. ही एक विलक्षण गोष्ट आहे, कारण तळाचे बाकीचे वास म्हणजे व्हॅनिला, मस्क, राळ, बहुतेक उबदार. म्हणून तर एर्मेसच्या २००६ च्या 'तेर द'एर्मेस'मध्ये जॉं-क्लोद एलेनाने वर संत्रं आणि खाली वाळा ठेवला, आणि ती जोडी दिवसभर चालते.

अस्सल वाळ्याचं अत्तर कनौजला काढतात, तांब्याच्या डेगमध्ये मुळं शिजवून. रूह खस म्हणतात त्याला, तांब्यामुळे हिरवट झाक येते. महाग असतं. स्वस्तात मिळणारं गडद हिरवं 'खस' म्हणजे सरबताचा रंग आणि कृत्रिम वास, ते हुंगून वाळा आवडत नाही असं ठरवू नका. मोहम्मद अली रोडवर अत्तरवाल्यांकडे दोन-तीन प्रकार मनगटावर लावून घ्या, तासभर फिरा, खा-प्या आणि मग परत जाऊन ठरवा. अस्सल असेल तर आधी ओली माती आणि मुळांचा थोडा उग्र वास येतो, तो पहिल्यांदा बऱ्याच जणांना आवडत नाही, नंतर तो निवतो. पांढऱ्या शर्टाला लावू नका, डाग जात नाही.

माझं सध्या असं चाललंय, की मे अखेरपर्यंत साधं लिंबू-नेरोलीचं (नेरोली म्हणजे कडू संत्र्याच्या फुलांचं तेल) कोलोन, उडालं तर उडालं, रुमाल आहेच. एकदा पाऊस लागला की कपडे धड वाळत नाहीत, त्या कुबट वासावर लिंबू मारलं की फरशी पुसायच्या लिक्विडसारखं होतं, तेव्हा कोलोन कपाटात आणि गंजीच्या आत वाळ्याचं एक बोट. ऑक्टोबरचं अजून ठरलेलं नाही, कुणाकडे पुदिन्याचं काही चांगलं असेल, टूथपेस्टसारखं न वाटणारं, तर नाव सांगा.