घाटात दम टाकणारा टर्बो: माझा अनुभव

माझ्या डिझेल गाडीचा दोष गॅरेजमध्ये कधीच दिसायचा नाही. जळगाव शहरात, भुसावळ रस्त्यावर, रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात गाडी ठणठणीत चालायची. पण उन्हाळ्यात चाळीसगाव ओलांडून कन्नड घाट चढायला घेतला, की मधल्याच एखाद्या वळणावर तिचा जोर निघून जायचा. ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी गाडी कशीबशी सरकायची, टर्बोची (इंजिनात दाबाने जास्त हवा भरणाऱ्या पंख्याची) ओळखीची शिट्टी बंद पडायची आणि समोर इंजिनचा पिवळा दिवा लागायचा. बाजूला घेऊन चावी बंद केली, थोडं थांबून पुन्हा चालू केली की काही किलोमीटर सगळं पूर्ववत. पुढच्या खेपेला तर काहीच व्हायचं नाही. सासूबाईंच्या तपासणीसाठी छत्रपती संभाजीनगरला वरचेवर जावं लागत होतं. मागे एसटी, समोर वळण आणि गाडीत आजारी माणूस असताना पायाखालचा जोर अचानक जाणं काय असतं, ते ज्यांनी अनुभवलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, पी०२९९ हा कोड निघाला आणि लगेच निकालही लागला: टर्बो गेला, नवा टाका. खर्चाचा आकडा गाडीच्या आजच्या किमतीच्या मानाने फार मोठा होता. पण माझी अडचण पैशापेक्षा वेगळी होती. टर्बो खरंच गेला असेल तर तो चावी फिरवल्यावर बरा कसा होतो? बेअरिंग झिजलेला टर्बो रोज आवाज करतो, तेल खातो, निळसर धूर सोडतो. माझ्या गाडीत यातलं काही नव्हतं.

चावी फिरवल्यावर गाडी सुधारते, कारण जोर काढून घेण्याचं काम गाडीचा कॉम्प्युटर करत असतो. टर्बोने भरलेला हवेचा दाब त्याने मागितल्यापेक्षा बराच वेळ कमी राहिला, की तो इंजिनला इजा होऊ नये म्हणून डिझेल आणि बूस्ट (टर्बोचा जादा दाब) दोन्ही आवळतो. यालाच लिंप मोड म्हणतात. चावी बंद-चालू केली की तो पुन्हा पहिल्यापासून प्रयत्न करतो. आणि पी०२९९ चा अर्थ एवढाच, की दाब अपेक्षेपेक्षा कमी भरला. कोणता भाग बिघडला हे तो कोड सांगतच नाही. ताप किती आहे हे कळलं म्हणून आजार कळत नाही, तसंच हे.

मी ठिबक सिंचनाच्या कामात आहे. शेतात जाऊन दाब मोजणं हा माझा रोजचा धंदा. ड्रीपरला साधारण १ किलो दाब लागतो, आणि गंमत वाटावी असं म्हणजे आपल्या डिझेल गाड्यांचा टर्बो जोरात असताना वातावरणाच्या वर जवळपास तेवढाच दाब भरतो. शेवटच्या लॅटरलला, म्हणजे ड्रीपर बसवलेल्या नळीला, पाणी कमी पडत असेल तर आम्ही लगेच मोटर बदलत नाही. फिल्टरच्या आधी गेज, फिल्टरनंतर गेज, सबमेनवर (लॅटरलना पाणी देणाऱ्या पाइपवर) गेज, शेवटच्या टोकाला गेज. ज्या दोन गेजांमध्ये दाब पडतो, तिथे दोष. आणि हे सगळं प्लॉट चालू असताना मोजायचं. हीच पद्धत गाडीला लावायची असं मी ठरवलं.

चाळीसगावला माझ्या मावसभावाचं डिझेल गाड्यांच्या पंप-नोझलचं दुकान आहे. त्याला फोन केला तर तो अहिराणीत एवढंच म्हणाला, "ताई, कोड बठ्ठं सांगस नही. गाडी लई ये, पण काही खोलू नको." म्हणजे कोड सगळं सांगत नाही, गाडी घेऊन ये. माझं आणि त्याचं तिथेच जुळलं.

सुरुवात फ्रीझ फ्रेमपासून केली. कोड पडतो त्या क्षणीची स्थिती कॉम्प्युटर साठवून ठेवतो: इंजिनचे फेरे, पाण्याचं तापमान, लोड, वेग. बरेच जण कोड वाचतात आणि लगेच पुसून टाकतात, आणि त्याबरोबर ही माहितीही जाते. माझ्या गाडीत दिसलं की इंजिन पूर्ण गरम होतं, फेरे अडीच हजारांच्या आसपास आणि लोड जवळजवळ पूर्ण. म्हणजे सपाटीवर शंभर वेळा चक्कर मारून काही सापडणार नव्हतं. दोष घाटातच धरायचा होता.

स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये लावायचा छोटा ब्लूटूथ स्कॅनर बाजारात सहज मिळतो. तो मोबाइलला जोडला आणि चारच गोष्टी नोंदवायला लावल्या: मागितलेला दाब, प्रत्यक्ष दाब, आत जाणाऱ्या हवेचं माप आणि टर्बोच्या सोलेनॉइडला (टर्बोचा जोर कमी-जास्त करणाऱ्या विजेवरच्या झडपेला) कॉम्प्युटरकडून मिळणारा हुकूम टक्केवारीत. फार गोष्टी निवडल्या तर नोंद मंदावते आणि नेमका क्षण निसटतो. इथे एक लक्षात ठेवावं लागतं. हा दाब निर्वात पोकळीपासून मोजलेला असतो. इंजिन बंद असताना आमच्याकडे सेन्सर ९८ किलोपास्कलच्या आसपास दाखवतो, तो वातावरणाचाच दाब. तो वजा केला की टर्बोने भरलेला दाब मिळतो. इंजिन बंद असताना हा आकडा बरोबर येत असेल, तर सेन्सर निदान मुळात खोटं बोलत नाही हेही कळतं.

मे महिन्यातल्या भर दुपारी निघालो. मी गाडीवर, मावसभाऊ शेजारी मोबाइल घेऊन. घाटात चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचंच नाही, हा नियम आधीच ठरला होता. एसी चालू, मागे सामान भरलेलं, म्हणजे लोड खरा. जळगाव-चाळीसगाव पट्ट्यात तेव्हा पारा ४५ च्या आसपास असतो. ४५ अंशांची हवा २० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ८ टक्के विरळ असते, त्यामुळे टर्बोला तेवढ्याच कामासाठी जास्त फिरावं लागतं. उन्हाळ्यातच दुखणं का वर येतं, याचं एक कारण हे.

घाटात गाडी दबली आणि नोंद हाती लागली. मागितलेला दाब २१० किलोपास्कल होता तसाच होता. प्रत्यक्ष दाब दोनशेच्या वरून सरळ १३० पर्यंत घसरला. त्याच वेळी सोलेनॉइडचा हुकूम चढत चढत नव्वद टक्क्यांच्या वर गेला. या तीन रेघा एकत्र बघितल्या तेव्हा निम्मा शोध तिथेच संपला. आधी मागणीच खाली आली असती, तर कॉम्प्युटर स्वतःहून हात आखडतोय असा अर्थ निघाला असता, मग तापमान, डिझेलचा दाब, इतर सेन्सर बघावे लागले असते. इथे कॉम्प्युटर जीव तोडून मागत होता आणि खालचं कोणी ऐकत नव्हतं.

उरल्या दोन वाटा. एक तर टर्बो हवा भरतोय पण ती कुठेतरी निसटतेय, किंवा टर्बोला जोर लावायचा हुकूम पोचतच नाहीये. हवा निसटत असेल तर टर्बो हवा ओढतच राहतो, म्हणून आत येणाऱ्या हवेचं माप चांगलं दिसतं, दाब मात्र कमी, मागून काळा धूर आणि फुस्स असा आवाज. आमच्या नोंदीत हवेचं मापही दाबाबरोबरच खाली आलं होतं. तरी खात्री म्हणून दुकानावर एअर फिल्टरनंतरच्या नळीला बूच लावून कॉम्प्रेसरची हवा बेताबेताने भरली आणि इंटरकूलरचे (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचे) होज, क्लिपा, सांधे साबणाच्या पाण्याने भिजवले. कुठेच बुडबुडा नाही. त्याच वेळी टर्बोचा पंखा बोटांनी फिरवून पाहिला, शाफ्टला आडवा-उभा खेळ तपासला. मोकळा फिरत होता, पंख्याची पाती शाबूत. ज्या टर्बोला नवा टाका म्हटलं होतं, तो हा.

आता हुकुमाची वाट. पंख्याभोवती धुराची वाट अरुंद-रुंद करणारी वेगळी हलती पाती असतात, आणि माझ्या गाडीत ती व्हॅक्यूमवर, म्हणजे हवा ओढून घेतल्याने येणाऱ्या ओढीवर, हलतात. इंजिनवरचा पंप व्हॅक्यूम तयार करतो, सोलेनॉइड तो मोजून पुढे सोडतो आणि बारीक रबरी नळीतून तो ॲक्च्युएटरच्या, म्हणजे पाती हलवणाऱ्या, डबीपर्यंत जातो. डबी दांडा ओढते, पाती मिटतात आणि टर्बो जोर धरतो. व्हॅक्यूम गेला तर पाती उघडी पडतात आणि बूस्ट जातो. मावसभावाने हातपंप लावून दांडा ओढून पाहिला. दांडा कुठेही न अडकता सरकला आणि तसाच थांबून राहिला, म्हणजे डबीचा पडदा चांगला आणि पाती काजळीने जाम नाहीत. उभ्या गाडीत सगळं पास. ज्यांचा दोष गॅरेजमध्ये दिसत नाही त्यांचं घोडं बहुधा इथेच अडतं.

मग आम्ही गेजच गाडीत आणला. सोलेनॉइडच्या आधीच्या नळीला एक आणि नंतरच्या नळीला एक असे टी (तीन तोंडांचे सांधे) जोडले, लांब नळ्या बॉनेटच्या फटीतून खिडकीवाटे आत घेतल्या आणि दोन व्हॅक्यूम गेज मावसभावाच्या मांडीवर. नळ्या गरम भागापासून आणि फिरणाऱ्या पट्ट्यापासून दूर बांधल्या. पुन्हा तोच घाट. गौताळ्याच्या जंगलालगतचा चढ सुरू झाला, गाडी दबली आणि तो ओरडला, "पुढचा पडला! मागचा तसाच!" पंपाकडचा काटा पाऱ्याच्या २५ इंचांच्या खाली फारसा आला नव्हता, सोलेनॉइडनंतरचा मात्र पाचावर येऊन थरथरत होता. चढ संपून मी पाय हलका केला तसा तो परत वर आला.

पाय हलका केल्यावर काटा परत येतो, याच गोष्टीने मला विचारात पाडलं. सोलेनॉइडची कॉइल तापून बिघडली असती तर एका क्षणात इतकी सावरली नसती. मग पाय हलका केल्यावर तत्काळ बदलतं काय? इंजिनचा कल. जोर लावला की इंजिन आपल्या माउंटिंगवर (ज्या रबरी आधारांवर ते बसवलेलं असतं त्यांवर) एका बाजूला झुकतं, जोर काढला की परत बसतं. आणि आमच्या गाडीत सोलेनॉइड बॉडीला बसवलेला, ॲक्च्युएटर इंजिनला. मधली नळी दोघांना जोडणारी.

नळी काढली. वरून काळीभोर, नवी वाटावी अशी. टर्बोकडच्या टोकाशी, पितळी तोटीवर चढते तिथे खालच्या अंगाला, बोटाने वाकवली तेव्हा एक चीर उघडली. सरळ धरली की ओठ मिटून चीर दिसेनाशी व्हायची. बाकीची नळी लवचिक होती, पण ते दोन-तीन सेंटिमीटर उष्णतेने वाळून कडक झाले होते, नखाने दाबलं तर खूणही उमटत नव्हती. मग बॉनेट उघडं ठेवून, मागच्या-पुढच्या चाकांना दगड लावून, हँडब्रेक ओढून मावसभावाने क्लच किंचित सोडत इंजिनवर हलका ताण दिला. मी बाजूला उभी राहून पाहिलं. इंजिन वाजवीपेक्षा जास्त झुकत होतं. उजवीकडच्या माउंटिंगचं रबर फाटलं होतं, म्हणून प्रत्येक मोठ्या चढावर ती नळी ताणली जात होती.

उष्णता सोसणारी नवी नळी टाकली, ती थोडी लांब ठेवून इंजिनच्या हालचालीला जागा राहील अशी वळवली आणि माउंटिंग बदललं. नुसती नळी बदलली असती तर तीही पुढे केव्हातरी फाटली असती. सोलेनॉइडला हात लावला नाही, कारण त्याच्याविरुद्ध काहीच पुरावा नव्हता. सगळा खर्च टर्बोच्या अंदाजापुढे अगदीच किरकोळ. त्यानंतर त्याच लोडने, तशाच उन्हात घाट चढून पुन्हा नोंद घेतली. मागितलेला आणि प्रत्यक्ष दाब वरपर्यंत हातात हात घालून गेले, हुकूम साठ टक्क्यांच्या वर गेला नाही. सासूबाई मागच्या सीटवर झोपल्या होत्या.

जळगाव-धुळे-नंदुरबारकडे कोणाची गाडी असंच करत असेल तर जून लागायच्या आत ही नोंद घेऊन ठेवा. पहिला पाऊस पडला, हवा गार झाली की असे दोष दडून बसतात आणि मग गॅरेजवाल्याला दाखवायला तुमच्याकडे काहीच उरत नाही. नोंदीचा आलेख मोबाइलमध्ये जपा, कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढा, आणि टर्बो बदला असं कोणी म्हटलं तर आधी विचारा, की मागितलेला दाब किती होता आणि मिळाला किती.