वहीतली रिकामी घरं

नववीच्या प्रकल्पांचं सादरीकरण म्हटलं की मला आधीच जांभई येते. वाशीत अठरा वर्षं भूगोल शिकवतेय. थर्माकोलचे ज्वालामुखी आता डोळे मिटून ओळखू येतात.

यंदा वाशीगावातल्या एका मुलीने घराजवळचा होल्डिंग पाँड निवडला होता. शहराचा बराच भाग भरावावर वसलाय आणि उधाणाच्या पाण्यापेक्षा खाली आहे. भरतीच्या वेळी पाऊस पडला तर ते पाणी या तलावात थांबतं. खाडीकडच्या झडपा भरतीला बंद होतात, ओहोटीला उघडतात. निदान तसं व्हायला हवं.

तिने काठाला बसवलेल्या दगडांच्या (पिचिंगच्या) ओळी मोजून महिनाभर पाण्याची पातळी लिहिली होती. वहीतल्या तक्त्यात रोजचं एक, अशा तीस घरांपैकी नऊ रिकामी. पहिल्या तपासणीत मी लाल पेनाने 'अपूर्ण' लिहिलं आणि वर सल्लाही दिला, "आजूबाजूचे आकडे बघून सरासरी भर ना."

"त्या दिवशी मी गेलेच नव्हते, बाई."

मला तो हट्ट वाटला. खरं सांगायचं तर जरा उद्धटपणाही.

सादरीकरणाच्या दिवशी ती फक्त खडू घेऊन उभी राहिली. आधी विचारलं, "आज तिथी कोणती?" कुणालाच माहीत नव्हती. भिंतीवरच्या कालनिर्णयात शुद्ध षष्ठी निघाली. तिने फळ्यावर लिहिलं : ६ × पाऊण = साडेचार. "आज साडेचारच्या सुमाराला भरती पूर्ण होणार. आजा असाच हिशोब करतो." मी मोबाइलवर भरतीचा तक्ता उघडला. वीसेक मिनिटांचा फरक. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही तेवढीच पुढे सरकते, हे मी दरवर्षी शिकवते. पण त्या पन्नास मिनिटांतच आजाची पाऊणकी बसलेली आहे, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

मग एका मुलाने नेमकं विचारलं, "झडप बंद असते, तर पाऊस नसताना तुझ्या तलावात पाणी वाढलं कसं?"

तिने वही उघडली. पुनवेच्या उधाणाला तासाभरात दोन ओळी पाणी चढलं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी भरती चढत असताना तिने झडपेजवळ नारळाची करवंटी सोडली. करवंटी खाडीकडे न जाता डुलत डुलत आत आली, कांदळवनाच्या मुळांत अडकली. "झडप नीट बसत नाही," ती म्हणाली. मग थांबली. "पण मी दोनदाच बघितलंय. त्या नऊ दिवसांत काय झालं, माहीत नाय."

वर्ग गप्प होता. मला मात्र माझा सरासरीचा सल्ला आठवला. ती घरं भरली असती, तर नेमकं हे वाक्य तिला बोलता आलं नसतं.

वर्ग सुटल्यावर गुण द्यायला वही उघडली. लाल 'अपूर्ण'वर व्हाइटनर लावावा का, हा विचार चालला होता, तेवढ्यात ती दारात.

"बाई, वही कधी देताय? पुनवेला परत जायचंय."

"प्रकल्प झाला ना आता?"

"पन नऊ घरं रिकामी हायेत ना!" एरवी वर्गात जपून बोलणारी पोर, घाईत घरचं बोलून गेली.

मी वही दिली. गुण वेगळ्या कागदावर मांडले.